एक आवाज, एक पेटी आणि समोर माणसं: आपल्या नाटकाची गाणी अशी रेकॉर्ड करा ना

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरच्या रविवारच्या पुरवणीत नवीन गाण्यांची माहिती येते, ती मी न चुकता वाचतो, पण एक गोष्ट बरेच दिवसांपासून मनात आहे ती आज लिहून टाकतो. सगळी गाणी स्टुडिओतलीच असतात हो. लोकांसमोर गायलेलं, टाळ्या-हसण्यासकट रेकॉर्ड झालेलं मराठी गाणं, त्यातही नाटकातलं, कुठे येते का आणि येत नसेल तर काहून येत नाही हे कोणी विचारतच नाही. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांत, धान निघालं की दिवाळीपासून होळीच्या आसपासपर्यंत नाटकांचा सीझन चालतो, मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, गावाला रात्री पडदा वर जातो तो उजाडेपर्यंत, आणि गाणी तिथल्या तिथे गातात, रेकॉर्ड लावून ओठ हलवत नाहीत. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला नाटक कंपन्यांची बुकिंग ऑफिसं आहेत, एकेका सीझनला शेकडो प्रयोग होतात, २०२३ साली आमचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्या महाराष्ट्रानं झाडीपट्टीचं नाव घेतलं. आणि तरी या नाटकातल्या गाण्यांचं धड ऐकू येईल असं रेकॉर्डिंग मागायला गेलं तर मिळत नाही.

हे सगळं आताच काहून सुचलं म्हणाल तर एक अमेरिकन लाइव्ह अल्बम ऐकला म्हणून. पोरगी पुण्याला नोकरीवर आहे, तिनं फोनवर पाठवला, बाबा तुम्ही पेटी वाजवता तर हे ऐकाच म्हणे. गाणारी जोन मॉरिस आणि पियानोवर तिचा नवरा विल्यम बोल्कम. बस, दोघंच. ढोलक नाही, गिटार नाही, मागे कोरस नाही. अमेरिकेतली कॅबरेची गाणी. कॅबरे म्हटलं की आपल्या लोकांना जुन्या हिंदी पिक्चरमधला नाच आठवते, पण हे ते नाही, हे बसून ऐकायचं गाणं आहे, लहानशा जागेत, गाणारीच्या तोंडावरचे भाव दिसतील इतक्या जवळून. त्यात गोष्ट असते, एखादं माणूस असते, चिमटा असतो, आणि शब्दाला सगळ्यात जास्त मान असतो. मी शाळेत इंग्रजीच शिकवायचो त्यामुळे शब्द कळायला त्रास गेला नाही, पण खरं सांगतो, ज्याला इंग्रजी येत नाही त्यालाही कळेल की ही बाई काहीतरी सांगून राहिली, नुसती सूर लावून नाही राहिली.

त्यातलं एक गाणं बोल्कमनंच लिहिलेलं आणि चाल लावलेलं आहे. एका लेडीज क्लबच्या जेवणात कोणी काय काय करून आणलं त्याचं वर्णन, हिरव्या जेलीत मार्शमॅलो, त्यात पनीरसारखं चीज, असे एकावर एक भयंकर पदार्थ, आणि गाणारी बाई एकदम कौतुकानं, चेहरा सरळ ठेवून एकेका पदार्थाचं नाव घेते. आपल्याकडे बचत गटाच्या बायांनी पाककृती स्पर्धा ठेवावी आणि अध्यक्षीणबाईनं स्टेजवरून एकेकीचं ताट वाखाणावं, तसंच ते. लोक हसतात. आणि इथेच लाइव्ह रेकॉर्डिंग काय चीज आहे ते समजते, कारण ते हसणं गाण्यातलाच एक भाग होऊन जाते, गाणारीला ते ऐकू येते आणि पुढच्या ओळीला ती किती थांबायचं ते त्यावरून ठरवते. स्टुडिओत हे कोण करून दाखवणार, तिथे हसायला माणूस कुठे आहे. स्टुडिओतलं गाणं दहा वेळा घेऊन त्यातलं चांगलं ठेवता येते, चुका काढता येतात, हे सगळं मान्य, पण समोरच्या माणसानं गाण्याला दिलेलं उत्तर त्यात राहत नाही आणि नाटकाच्या गाण्यात ते उत्तरच तर मोठं असते, आमच्याकडे एखाद्या ओळीला पब्लिकमधून "वाहवा" आली की नट ती ओळ परत घेतो, तबलजी ठेका धरून ठेवतो, पेटीवाला त्याच्याकडे पाहत राहतो.

आता पियानोबद्दल थोडं लिहितो, कारण मी साथीचा माणूस आहे आणि माझं सगळं लक्ष तिकडेच गेलं. पियानोत हातोडी तारेवर पडते आणि सूर लागल्या लागल्या विरायला लागतो. पेटीचं तसं नाही, भात्यात हवा आहे आणि बोट पट्टीवर आहे तोपर्यंत सूर तेवढाच उभा राहतो. म्हणजे पियानोवाल्याला शब्दासाठी जागा आपोआप मिळते, पेटीवाल्याला ती करून द्यावी लागते, बोट उचलून. जुने पेटीवाले हे करत, गायक शब्द टाकत असताना नुसता षड्ज धरून ठेवायचा किंवा तोही सोडून द्यायचा, आणि गायकानं श्वास घेतला की तेवढ्यात छोटीशी सुरावट घेऊन परत मागे सरकायचं. बोल्कमचं ऐकताना मला हेच दिसलं की एवढा तयारीचा माणूस, पण गाणारी बोलत असली की त्याचा हात इतका हलका की पियानो आहे का नाही असं वाटावं, आणि जिथे शब्द संपतो तिथे दोन सुरांत अशी काही गोष्ट सांगून जातो की ती गाणारीनं सांगितली नसती. आमच्या नाटकांत आता काय होते, कीबोर्डवाला पोरगा पहिल्यापासून शेवटपर्यंत दहाही बोटं दाबून बसते, वरून ऑक्टोपॅड, वरून एको, आणि बिचारी गाणारी बाई ओरडून ओरडून गाते. शब्द कोणाला कळत नाही. त्या पोरांची तयारी कमी आहे असं मी म्हणत नाही, हात चांगले आहेत त्यांचे, पण मोकळी सोडलेली जागा हीसुद्धा साथच असते हे त्यांना कोणी ऐकवलंच नाही, ऐकायला रेकॉर्डच नाही तर ऐकवणार कुठून.

कोणी म्हणेल की आमच्याकडे हजारो माणूस बसते, मोकळ्या वावरात मंडप, तिथे मोठा आवाज पाहिजेच. मोठा आवाज पाहिजे हे खरं पण तो स्पीकरनं मोठा करायचा असतो, गळ्यानं नाही. विजेवर चालणारा माइक लावून रेकॉर्डिंग करणं १९२५ च्या सुमारास सुरू झालं, त्याच्या आधी भोंग्यात तोंड घालून गावं लागे आणि थेटरात शेवटच्या रांगेपर्यंत गळाच पोचवावा लागे. माइक आला आणि अमेरिकेत लोक बोलल्यासारखं गायला लागले, हळू, कानाशी गुणगुणल्यासारखं, आणि ते शेवटच्या माणसाला ऐकू जायला लागलं. माइकचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे की हळू गाता येते. आपण माइक घेतला आणि हळू गायचं सोडूनच दिलं. सोबतचे आवाज निम्मे करा, गाणारीचा माइक तेवढाच ठेवा, शब्द वडाच्या झाडाखाली सायकलवर बसून पाहणाऱ्यालाही कळेल.

बोल्कम कोण हेही सांगतो, कारण आपल्याकडे नाटकाच्या गाण्याला हलकं समजायची सवय आहे आणि हा माणूस त्याचं उत्तर आहे. १९३८ चा जन्म, सिएटलचा. मोठमोठ्या सिम्फनी, ऑपेरा लिहिणारा कंपोझर, दारियुस मियो या फ्रेंच उस्तादाकडे शिकलेला, १९८८ ला पियानोच्या बारा रचनांसाठी पुलित्झर हे तिथलं मोठं पारितोषिक मिळालेला, मिशिगन विद्यापीठात कित्येक वर्षं प्रोफेसर. असा माणूस बायकोसोबत गावोगाव जाऊन जुनी, लोकांनी सोडून दिलेली, थेटरातली आणि घरातल्या पियानोवर वाजवायची गाणी वाजवत फिरला. १९७४ ला त्या दोघांची जी रेकॉर्ड आली तिच्यात ऐंशी-ऐंशी वर्षांपूर्वीची गाणी होती, ज्या काळात गाणं रेकॉर्डवर नाही तर छापील कागदावर विकलं जायचं, लोक कागद घरी नेऊन स्वतः वाजवायचे. एका गाण्याचे असे लाखो कागद खपले होते आणि पुढे लोक ते विसरले. या दोघांनी ती गाणी टिंगल न करता, जुनी गंमत म्हणून नाही तर गाणं म्हणून, पूर्ण मन लावून गायली, आणि ती परत जिवंत झाली.

आणि नुसती जुनीच नाही. बोल्कमनं अर्नोल्ड वाइनस्टाइन या कवीसोबत आवाज आणि पियानो एवढ्यासाठीच नवीन चोवीस कॅबरे गाणी केली, चार भागांत, पहिली १९७० च्या दशकाच्या शेवटी आणि शेवटची १९९० च्या दशकात, आणि ती जोन मॉरिसच्या गळ्याकडे पाहून केली. वाइनस्टाइन नाटकवाला माणूस होता त्यामुळे एकेक गाणं म्हणजे एकेक प्रवेश आहे. त्यात एक जॉर्ज नावाच्या माणसाचं गाणं आहे. बाईचा वेश घेऊन बाईच्या आवाजात गाणारा, सगळ्यांना लाडानं बोलणारा, घरी कोणीही आलं तर त्याला बसवून घेणारा जॉर्ज. गाणं मजेत चालू होते, माणूस ऐकता ऐकता हसतो, आणि मग कळते की एका अनोळखी माणसानं त्याला भोसकून मारलं, आणि गाणं आपल्याच चालीत त्याच्या मयतीपर्यंत जाते. मला हे ऐकून आमच्याकडच्या लोकनाट्यातले, म्हणजे दंडारीतले, खडी गंमतीतले नाचे आठवले. बाईचं काम करणारे पुरुष, ज्यांच्यावर पब्लिक रात्रभर जीव टाकायचं आणि दिवसा गावात ज्यांना पोट्टे चिडवायचे. त्यांच्यापैकी कोणावर आपण असं एक गाणं केलं का? त्यांचे आवाज तरी कुठे ठेवले का? नाही ठेवले. ते माणसं गेली आणि आवाजही गेले, हे लिहिताना मला फार वाईट वाटते.

यात आपलाच मराठी इतिहासही बघा. संगीत शाकुंतल १८८० ला आलं, तेव्हापासून आपलं नाटक गाऊन राहिलं. बालगंधर्वांच्या गाण्याला थेटरात वन्समोअरवर वन्समोअर पडत, एकेक पद किती वेळ चालायचं याच्या गोष्टी आमच्या आजोबांच्या पिढीनं सांगितल्या. पण आपल्याजवळ आहे काय, तर मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या, ज्यात एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावत. म्हणजे जे लोकांनी ऐकलं ते नाही, तर तबकडीत बसलं तेवढं. ते वन्समोअर, ती साथ, लोकांचं ओरडणं, हे कुठेच नाही. त्या काळात मशीनच तशी होती, इलाज नव्हता. आता प्रत्येकाच्या खिशात मशीन आहे तरी आपण तेच करून राहिलो तर मग याला काय म्हणायचं.

अमेरिकेत या छोट्या खोल्यांतल्या गाण्याला सोपे दिवस होते असंही नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी तिथे गाणं-नाच असलेल्या हॉटेल-क्लबवर वेगळा टॅक्स होता, १९४४ ला तो ३० टक्के झाला, मग २० वर आला, पुढे अजून कमी झाला आणि १९६५ पर्यंत राहिला. न्यूयॉर्कमध्ये तर १९४० ते १९६७ कलाकाराला क्लबात काम करायला पोलिसांचं कार्ड लागे, बिली हॉलिडे या नावाजलेल्या जॅझ गायिकेचं कार्ड १९४७ ला गेलं आणि तिला त्या शहरातल्या क्लबांत गाता येईना. तरी लोक गात राहिले. मेबल मर्सर नावाची बाई होती, इंग्लंडात जन्मलेली, पॅरिसमध्ये गायलेली आणि पुढे न्यूयॉर्कला आलेली, ती खुर्चीवर बसून गायची, हात मांडीवर, नखरा नाही, आणि फ्रँक सिनात्रासारखा मोठा गायक सांगायचा की ओळ कुठे तोडायची ते मी हिच्याकडून शिकलो. तिचा आणि पियानो वाजवत गाणाऱ्या बॉबी शॉर्टचा १९६८ चा न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमधला कार्यक्रम लाइव्ह रेकॉर्ड झाला म्हणून आज मी माझ्या गावी खाटेवर पडून तो ऐकू शकतो. बॉबी शॉर्ट स्वतः एकाच हॉटेलात, कार्लाइलमध्ये, १९६८ ते २००४ गात होता. मोठ्या सभागृहाची वाट पाहत कोणी बसलं नाही, जिथे गाणं होत होतं तिथे मशीन नेऊन ठेवली.

मग आपण काय करायचं? माझं म्हणणं असं की येत्या सीझनला प्रत्येक नाटक मंडळानं एका रात्री, एकाच प्रयोगात, दोन-तीन पदं फक्त एक आवाज आणि एक पेटी अशी घ्यावी, फार तर हलका तबला, आणि तेवढं नीट रेकॉर्ड करावं. लोक म्हणतील यूट्यूबवर आमच्या नाटकांचे व्हिडिओ भरपूर आहेत. आहेत ना, मी बघतो, पण ते कोणीतरी स्पीकरच्या पुढ्यात मोबाईल धरून घेतलेले, आवाज फाटलेला, गाणं चालू असताना घेणाऱ्याचंच बोलणं मोठं. त्यापेक्षा साउंडवाल्याला सांगून मिक्सरमधून एक लाइन रेकॉर्डरला घ्यायची, आणि एक वेगळा माइक पब्लिककडे तोंड करून मंडपाच्या मधल्या खांबाला बांधायचा, दोन्ही वेगवेगळे ठेवायचे आणि नंतर जुळवायचे. गळा स्वच्छ येते आणि माणसंही येतात. आमच्याच गावातला एक पोरगा लग्नाचे व्हिडिओ करते, त्याच्याजवळ हे सगळं सामान आहे, असा पोरगा आता कुठल्याही तालुक्याच्या ठिकाणी सापडेल. खर्च म्हणाल तर एका नाटकाच्या रोषणाईपेक्षा कमी.

आणि साफसफाई फार करू नका. कोणी लेकरू रडलं, शेंगावाला ओरडला, कोंबडा आरवला तर राहू द्या. शब्द झाकला जात नसेल तर तो आवाज काढायचं काही कारण नाही.

अजून एक, रेकॉर्डिंगसोबत पदं लिहिणाऱ्याचं नाव द्यायचंच. बोल्कमच्या त्या चोवीस गाण्यांवर जेवढं मोठं त्याचं नाव तेवढंच वाइनस्टाइनचं. आमच्याकडे पदं लिहिणारे मास्तर, तलाठी, शेतकरी, त्यांचं नाव एकदा पोस्टरवर बारीक अक्षरात येते आणि मग त्याच चाली, तेच शब्द दुसऱ्या नाटकात फिरतात, पैसे सोडा, पण कोणाचं आहे हेही सांगत नाहीत. गाणारीचं, पेटीवाल्याचं, तबलजीचं, गावाचं आणि तारखेचं, एवढं लिहून ठेवलं तरी पुष्कळ. साठी ओलांडलेले जुने गाणारे-वाजवणारे आमच्या भागात अजून आहेत, ब्रह्मपुरी, आरमोरी, नागभीड, सिंदेवाही, साकोली कुठेही विचारा, घरं लोक दाखवतील. त्यांना स्टेजवर रात्रभर उभं राहणं आता जमत नाही, पण गुरुदेव सेवा मंडळाच्या सभागृहात संध्याकाळी पन्नास माणसांसमोर खुर्चीवर बसून चार पदं ते नक्की म्हणतील. पन्नास माणसं पुरेत. कॅबरेला तेवढीच असतात.

तुमच्या पेपरला माझी विनंती एवढीच की पुरवणीत एक कोपरा अशा लाइव्ह रेकॉर्डिंगसाठी द्या, नाटकाच्या जाहिराती तुम्ही छापता, त्यातल्या गाण्यांबद्दलही छापा, कोण कसं गायलं, शब्द कळले का नाही, साथ कशी होती, अगदी कडक लिहिलं तरी चालेल, आमच्या लोकांना ते लागेल पण त्यांच्या गाण्याकडे कोणीतरी गाणं म्हणून पाहून राहिलं हे कळेल. आणि जमलं तर हे पत्र दिवाळीच्या आधी छापा, कारण मंडई लागली की मंडळांचे लोक हाताला लागत नाहीत आणि साउंडवाल्यांच्या तारखा तोपर्यंत बुक होऊन जातात.

आपला,
झाडीपट्टीतला एक पेटीवाला, निवृत्त शिक्षक
ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर